देणं फिटेपर्यंत चहा नाही

सक्करदऱ्याच्या बाजारात एखादी बाई मला लांबून पाहते, क्षणभर थबकते आणि हातगाडीआड वळते. अशा वेळी माझ्या मनात अजूनही पहिला विचार हाच येतो, की हिची फी राहिली असणार. मग आठवतं, की पाळणाघर सोडून मला कितीतरी वर्षं झाली आणि त्या बाईची मुलं आता स्वतःच आईबाप झाली असतील. ती बिचारी बहुधा मेथी बघायला वळलेली असते. पण इतक्या वर्षांची सवय, ती काही जात नाही.

लोकांना वाटतं, पाळणाघर चालवणं म्हणजे मुलांची शी-शू काढणं, त्यांना जेवू घालणं, झोपवणं, भांडणं सोडवणं. ते सगळं असतंच, पण ते काम सोपं. तीन वर्षांचं मूल रडलं तर त्याला काय हवंय ते थोड्या वेळाने का होईना, कळतं. अवघड असतात ती मोठी माणसं, आणि तीही महिना उलटून गेल्यावर. ज्या बाईने सकाळी आपला जीव तुमच्या मांडीवर ठेवलेला असतो, तिलाच संध्याकाळी विचारायचं असतं, 'पैशाचं काय झालं?' हे विचारताना आवाज कुठल्या पट्टीत लावायचा, हे मला कुणी शिकवलं नाही.

आमचं पाळणाघर मोहल्ल्यातल्या महिला मंडळाचं होतं. सक्करदऱ्याच्या तलावापासून थोडं आत, विणकरांच्या वस्तीला लागून दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे एक कडुनिंब. मी तिथली मुख्य बाई आणि माझ्या हाताखाली पार्वताबाई. हाताखाली म्हणायचं ते कागदावर. प्रत्यक्षात मुलं तिचं ऐकायची आणि मीही. आमच्याकडे मुलं यायची ती नाना तऱ्हेच्या घरांतली. कुणाची आई मागावरच्या कांड्या भरायची, कुणाची मिलमध्ये पाळीवर जायची, कुणी दवाखान्यात नर्स, एक-दोघी शिक्षिका, आणि पुष्कळशा बायका मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जाणाऱ्या. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. फी अगदी मामुली होती. पण सरकारी अनुदान यायचं तेव्हा यायचं, आणि तोवर खोलीचं भाडं, गवळ्याचं बिल आणि पार्वताबाईचा पगार हे सगळं त्या मामुली फीतूनच निघायचं. फी थकली की दुधात पाणी वाढायचं. गवळ्यावर उगाच आळ नको, ते मीच घालायची.

फी थकल्याचं मला कधी कागद बघून कळलं नाही. मुलाला न्यायला कोण येतं, त्यावरून कळायचं. नेहमी आई येत असेल आणि अचानक आजी यायला लागली, की समजायचं. आजीनंतर शेजारीण आली, तर दोन महिने झाले. आणि बाप स्वतः आला, मुलाचं तोंडभरून कौतुक केलं, 'बाई, तुमच्यामुळे पोरगा सुधरला' असं म्हणाला, की पार्वताबाई मागून हळूच म्हणायची, "गेले बाई पैसे."

पण खरी भीती पैशांची नव्हतीच. फी थकली की लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते आणि मग ते मुलाला पाठवणंच बंद करतात. मूल घरी राहतं म्हणजे कुठे राहतं? बाहेरून कडी घातलेल्या खोलीत, नाहीतर मागाच्या खड्ड्यापाशी, नाहीतर आईबरोबर कामावर. त्यामुळे फी मागायची तर होतीच, पण अशी, की दुसऱ्या दिवशी मूल दारात दिसलं पाहिजे.

मी स्वतः उमरेडच्या विणकराची मुलगी. सूत देणाऱ्या शेठचा माणूस आगाऊ घेतलेल्या उचलीपायी तगादा करायला यायचा, तो अंगणातूनच ओरडायचा. सगळी गल्ली ऐकायची. माझे वडील माग थांबवायचे नाहीत. धोट्याचा आवाज चालू ठेवायचे, म्हणजे आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवता येईल. तो खटखटाट माझ्या कानात कायमचा बसला आहे. म्हणून मी माझे नियम ठरवले. दारात मागायचं नाही. चारचौघांत मागायचं नाही. मुलाच्या देखत तर मुळीच नाही. घरी जायचं, बसायचं, चहा प्यायचा, मुलाच्या खोड्या सांगायच्या, आणि निघताना चपला घालता घालता म्हणायचं, "तेवढं फीचं बघा हं." चहा महत्त्वाचा. चहा दिला की ती घरची मालकीण आणि मी पाहुणी. मग देणाऱ्याला खालून वर बघावं लागत नाही. वस्तीत सगळ्यांना ही पद्धत पाठ झाली होती. मी गल्लीत शिरले की कुणीतरी ओरडायचं, "च्या ठेव वं, बाई आल्या!" या नोकरीने मला दिलेली कायमची मिळकत म्हणजे पित्त.

तऱ्हा तरी किती सांगाव्या! सरकारी कचेरीतले एक कारकून होते. पगार महिन्याच्या महिन्याला, स्कूटर, इस्त्रीचा शर्ट. आणि फी मात्र चार-चार महिने नाही. भेटले की म्हणायचे, "एक तारखेला नक्की, मॅडम." कितीतरी एक तारखा मी पाहिल्या. शेवटी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने चहाबरोबर बिस्किटंही ठेवली आणि सहज म्हणाली, "फी वेळेवर मिळते ना? मी यांच्याजवळ पहिल्याच दिवशी देते." साहेब समोरच बसले होते. त्यांचा चेहरा असा झाला, की मलाच दया आली. मी म्हटलं, "मिळते ना. पण साहेबांना घाई असते, यापुढे तुम्हीच देत जा." त्या महिन्यापासून फी वेळेवर आली. आधीची मात्र साहेबांनी गुपचूप, थोडी थोडी करून पडवीत आणून दिली, दर वेळी इकडेतिकडे बघत. ते पैसे सिनेमात जात होते की पानाच्या ठेल्यावर, ते मी विचारलं नाही.

एक विणकर होते, ते फी पंच्यांत द्यायचे. मंडळाच्या बायका वैतागल्या, पण मी घेत गेले. त्या पंच्यांनी आमच्याकडच्या मुलांची तोंडं कित्येक वर्षं पुसली गेली. पुढे त्यांचे माग बंद पडले, आणि एका सकाळी ते कुटुंब घर सोडून कुठेतरी निघून गेलं, फी आणि पंचे दोन्ही राहिले. बऱ्याच वर्षांनी त्यांची बायको मला इतवारीत दिसली. मी हाक मारली तर ती गल्लीत वळली आणि जवळजवळ पळालीच. तिची मुलगी माझ्या कडेवर वाढली होती. तिचं लग्न झालं का, एवढंच मला विचारायचं होतं. त्या पैशांचं मला कधी काही वाटलं नाही, पण ते पाठमोरं पळणं अजून टोचतं.

आता शेवंताबद्दल सांगते. खरं म्हणजे तिच्याचसाठी हे सगळं लिहायला घेतलं.

शेवंता मिरचीच्या गोदामात जायची. भिवापूरकडची मिरची पोत्यांनी येते. तिचे ढीग पडतात आणि बायका दिवसभर बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात. हाताची आग आग होते. कुणी तेल लावतं, कुणी ताकात हात बुडवून बसतं, पण ती आग रात्रीपर्यंत जात नाही. शेवंता संध्याकाळी मुलीला न्यायला यायची तेव्हा दोन्ही हात अंगापासून लांब धरून यायची. मुलीला उचलायची नाही, गालाला हात लावायची नाही. फक्त पदराचं टोक पुढे करायची, आणि सुजाता ते मुठीत धरून तिच्यामागे चालायला लागायची. तीन-साडेतीन वर्षांची पोर, पण आईचा हात तिने कधी मागितला नाही. पदर पुरायचा तिला.

शेवंताचा नवरा ट्रकांवर क्लीनर होता. घरी यायचा कधीतरी, आणि पैसे यायचे त्याहून कमी वेळा. पावसाळ्यात गोदामाचं काम बंद. मग ती मिळेल ते करायची, गिट्टीचं, धुण्याभांड्याचं, आणि ते पोटालाच पुरायचं नाही. तेव्हा पावसाळ्यापासून तिची फी थकली ती हिवाळ्यापर्यंत. माझ्या नियमाप्रमाणे मी तिच्याही घरी जायची तयारी केली होती. पण तेवढ्यात संक्रांत आली.

मंडळाच्या अध्यक्ष मालतीकाकू. मोठ्या घरच्या, आणि मनानेही मोठ्या, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा त्यांच्याबद्दल गैरसमज होईल. संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम असायचा. हळदीकुंकू, तिळगूळ आणि पाळणाघराच्या मुलांची गाणी. शेवंता त्या हळदीकुंकवाची नव्हे. ती लहान असताना, छप्पन साली, तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर बसवून धम्मदीक्षेला नेलं होतं, हे ती अभिमानाने सांगायची. पण सुजाता फुलपाखरू होणार होती, म्हणून ती आली होती, मागच्या सतरंजीवर, धुतलेलं लुगडं नेसून.

गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि मालतीकाकू माइकपाशी उभ्या राहिल्या. गवळ्याचं बिल थकल्याचं मी त्यांना सांगितलं होतं आणि कुणाकुणाची फी राहिली तेही. त्यांनी त्यावर विचार केला होता. मंडळ या गरीब मातांची सगळी फी माफ करत आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि एकेकीचं नाव वाचलं. नाव वाचलं की त्या बाईने पुढे यायचं आणि साखरेच्या पुड्यासह खण घ्यायचा. पहिल्या तिघी गेल्या, हसल्या, खण घेऊन परतल्या. मग शेवंताचं नाव आलं.

ती उठली. मला वाटलं, पुढे येते आहे. ती पुढे आलीही, पण माइकपाशी नाही. मुलांच्या रांगेपाशी गेली, पदराचं टोक पुढे केलं, सुजाताने ते मुठीत धरलं, आणि दोघी बाहेर पडल्या. सुजाताच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख होते, ते दारात थोडे अडकले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "काही चुकलं का गं माझं?" त्यांनी विचारलं. खण त्यांच्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी सुजाता आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नवी मिरची बाजारात आली होती, गोदामाचं काम सुरू झालं होतं. पार्वताबाई तिकडून येणारीजाणारी. तिने येऊन सांगितलं, "बाई, पोरगी मिरचीच्या ढिगापाशी बसून राहते. डोये पाहा तिचे, असे सुजले. खोकून खोकून जीव चालला पोरीचा."

मी त्याच संध्याकाळी शेवंताकडे गेले. एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात चूल. सुजाता डोळ्यांवर ओला फडका ठेवून निजली होती. मी बसले आणि जे कुणीही म्हटलं असतं तेच म्हणाले. काकूंच्या मनात वाईट नव्हतं, राग सोड, पोरीला पाठव, पैशाचं आता काही नाही.

"काहून नाही?" ती म्हणाली.

"माफ केली ना वं फी."

"कोनं मांगली होती माफी?" तिचा आवाज चढला नाही. "माझा बाप म्हने, शेवंते, आता कोनाच्या दारात हात पसराचा नाही. आन तुमी शंभर बायांत माझं नाव घेऊन खन देता मले. मी फी बुडवली होती काय, बाई? राहिली होती. देनार होते."

 ती पुढे म्हणाली, "तुमी सगळ्यांच्या घरी जाता फी मांगाले. माझ्या घरी कवा आल्या? आल्या त्या माफी सांगाले."

 मालतीकाकूंना सांगितलं तर त्या खरोखरच दुखावल्या. "चांगलं करायला गेले तर हे!" मग स्वतःच म्हणाल्या, "आता ते शब्द परत कसे घेऊ? माइकवर बोलले मी." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. घरात बसून, चहा पीत, चपला घालता घालता पुसून टाकता येईल असं ते नव्हतंच. जे सगळ्यांसमोर झालं होतं, ते सगळ्यांसमोरच उलटवायला हवं होतं.

गोदामाचा हप्ता शनिवारी मिळतो. शनिवारी संध्याकाळी मी तिच्या गल्लीत गेले. बायका नळावर होत्या, पोरं खेळत होती. शेवंता नुकतीच येऊन ओट्यावर बसली होती, हात परातीतल्या ताकात. सुजाता तिच्या शेजारी. मी अंगणात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, माझे सगळे नियम एका दमात मोडले. दारात, चारचौघांत, मुलीच्या देखत. शेठच्या माणसासारखा आवाज लावला. मला तो येत होता, लहानपणापासून ऐकलेला होता.

"शेवंता! पावसाळ्यापासून फी थकली आहे तुझी! कवा देनार?"

 नळावरच्या एकीने डोक्यावरची घागर तशीच धरून ठेवली.  हिने आता उठून मला हाकलून दिलं तर ही पोरगी कायमची त्या ढिगापाशी जाणार, एवढंच डोक्यात होतं.

 शेवंताने ताकातून हात काढले, लुगड्याला पुसले, कनवटीचे पैसे सोडले आणि त्यातले काही मोजून माझ्यापुढे धरले. आणि तितक्याच मोठ्या आवाजात, नळापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे घ्या या हप्त्याचे. बाकीचे दर शनिवारी देईन. घरी येऊन मांगत जा. मांगाले यायचं, समजलं काय बाई?"

"येईन," मी म्हटलं.

सोमवारी सुजाता आली. डोळे अजून लाल होते. पार्वताबाईने तिला मांडीवर घेतलं ते दुपारपर्यंत खाली ठेवलं नाही.

तिच्यामुळे आमच्याकडे एक गोष्ट बदलली. मिरचीवाल्या बायकांची फी आम्ही आठवड्याला घेऊ लागलो, तीही फक्त गोदाम चालू असताना. महिन्याची फी हे महिन्याचा पगार मिळणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेलं खूळ. ज्यांना शनिवारी पैसे मिळतात, त्यांच्या हातात महिन्याच्या शेवटी काय उरणार? काकूंनी ते मंडळात मंजूर करून घेतलं आणि पुन्हा कधी नावं वाचली नाहीत. गंमत म्हणजे पुढच्या संक्रांतीला, त्या तिघींपैकी एक मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाई, यंदा नावं नाही वाचत काय?" माणसं सगळी एका मापाची नसतात.

तर दर शनिवारी मी शेवंताकडे जायची. ती तांब्याभर पाणी द्यायची, पैसे द्यायची, सुजाताबद्दल विचारायची. पण चहा नाही. एकदा नाही, दोनदा नाही, कधीच नाही. वस्तीत ज्या घरातून मी चहाशिवाय उठत असे असं ते एकच घर. लोकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. पार्वताबाईच्या कानावर आलं, "बाई तिच्या घरी च्या पेत नाही. काय समजाचं ते समजून घ्या." मला धक्काच बसला. त्याच गल्लीत, त्याच समाजाच्या कितीतरी घरी मी चहा पीत आले होते. पण हे मी कुणाकुणाला सांगत फिरणार? शेवटी शेवंतालाच विचारलं, "वं, लोक काय बोलून राहिले ते ऐकलं का? एक कप च्या दे ना मले."

"ऐकलं," ती म्हणाली. "बोलू द्या लोकाईले. देनं फिटेपर्यंत च्या नाही. आता पाजला तर म्हनतीन, शेवंतानं च्या पाजून पाजून दिवस ढकलले."

माझ्या एवढ्या लाडक्या नियमाची तिने एका वाक्यात वाट लावली. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी लोकांची लाज राखते आहे. काही घरी कदाचित लोकच चहा पाजून माझी समजूत काढत होते.

मिरचीचा हंगाम संपत आला तेव्हा तिचं देणं फिटलं. ऊन मरणाचं होतं. शेवटचे पैसे तिने हातावर ठेवले, मी ते पिशवीत टाकले आणि पाण्यासाठी तांब्या पुढे येईल म्हणून बसून राहिले. तांब्या आला नाही. शेवंता चुलीपाशी गेली. आधण ठेवलं. दारात एकेक करून शेजारणी जमल्या होत्या, त्यांना कशी खबर लागली कोण जाणे. ती गोदामातून नुकतीच आली होती. हात तिने आधी राखेने घासले, मग ताकाने धुतले, मग पुन्हा पाण्याने. चहा गाळला, कपाची कड बोटांनी नीट पुसली आणि माझ्यासमोर ठेवला.

"प्या बाई. आता हा च्या माझा हाय."

मी कप ओठांना लावला आणि ओठ पेटले. तिच्या बोटांची आग कपाच्या कडेला उतरली होती. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागायला आला. दारातल्या सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. मी ठसका गिळला, फुंकर न घालता कप संपवला आणि जमिनीवर ठेवला. मला फार बरं वाटत होतं.

"अजून हाय काय वं?" मी विचारलं.

शेवंताने भांड्यात पाहिलं. दूध संपलं होतं. ती हसली, मी तिला इतकं मोठ्याने हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग सुजाताच्या हातात रिकामी वाटी देऊन म्हणाली, "जाय वं, शेजारून दूध आन. आईनं उसनं मांगितलं म्हन."